गुडघ्यांवरून दिसते ती खोली

मालनमावशी आमच्या हॉलमध्ये रांगत होत्या.

लुगड्याचा काष्टा घट्ट खोचलेला, दोन्ही तळवे फरशीवर, मान खाली. सोफ्याखाली हात घालून त्यांनी काहीतरी ओढून काढलं, खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं आणि कनवटीला लावलं.

“काही हरवलं का, मावशी?” मी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

त्या दचकल्या नाहीत. “न्हाई ओ. आपलं बघतोय.”

“काय बघताय?”

“खोली.”

एवढं बोलून त्या टीव्हीच्या टेबलाखाली शिरल्या. पंचावन्न-छप्पन वर्षांची बाई, गुडघे कुरकुरतात म्हणून रोज तेल चोळणारी, आणि सकाळी साडेआठला आली की चपला काढून आधी हे. मग हात धुणार, मग माझ्या मुलीला घेणार.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आम्ही सांगलीला विश्रामबागेत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. चार्वी अकरा महिन्यांची होती. नीरज, माझा नवरा, जतला बँकेत होता. सकाळी सातला बाहेर, संध्याकाळी सातला घरात. मी ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. रजा संपत आली होती आणि येत्या सोमवारी मला रुजू व्हायचं होतं. मालनमावशींना दोन महिने आधी ठेवलं होतं, म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर मुलीला त्यांची सवय होईल.

आणि मला त्यांची.

पहिलं झालं, दुसरं होत नव्हतं. चार्वी मला सोडून त्यांच्या खांद्यावर झोपायची. मी मात्र रोज नवीन काहीतरी टिपत होते. मी तेव्हा सगळंच टिपायची. दूध किती, शी कितीदा, ताप किती. कालनिर्णयाच्या मागच्या पानावर आणखी एक यादी होती, ती नीरजला ठाऊक नव्हती. कानातल्याची मळसूत्री. तीन सेफ्टी पिना. चार्वीच्या टोपड्याचा मणी. पेनाचं टोपण. फ्रिजवरच्या चुंबकाची लाल चेरी. दीड महिन्यात घरातून तेरा वस्तू नाहीशा झाल्या होत्या. बारक्या, फुटकळ. पण कनवटीत मावतील अशा.

“घर आहे, वस्तू हरवतात,” नीरज म्हणाला असता. म्हणून त्याला सांगितलं नाही.

दुपारी दोनला आमची मालिका असायची. आदल्या रात्रीचा भाग पुन्हा दाखवायचे. ‘उलट-सुलट’ नाव. त्यातले गुप्तहेर म्हणजे इस्त्रीवाले नाना. पोलीस चौकीसमोर लिंबाखाली त्यांची टपरी. खून झाला की फौजदार कपड्यांचं गाठोडं घेऊन यायचा, नाना कपडे उलटे करायचे, शिवणीवरून, घामाच्या डागावरून, काजाच्या धाग्यावरून माणूस ओळखायचे. शेवटी इस्त्री उभी ठेवून म्हणायचे, “कापड उलटं करा साहेब, माणूस सुलटा होतो.” मला नाना फार आवडायचे. मला वाटायचं, असं बघता आलं पाहिजे.

चार्वी आत झोपलेली असायची आणि मी सोफ्यावर, मावशी खाली भिंतीला टेकून, असा आमचा खेळ चालायचा. मावशींना नाना आवडत नसत.

“त्याला इस्त्री धरता येत न्हाई. कॉलर आधी करत्यात, हा बाही करतोय.”

“अहो, नट आहे तो.”

“मग नटानं शिकून यावं की.”

एकदा एका व्यापाऱ्याचा खून झाला होता. बायको चुलीपुढे धाय मोकलून रडत होती. भाग सुरू होऊन पाच मिनिटं झाली नव्हती.

“हिनंच मारलंय,” मावशी म्हणाल्या.

“काहीतरीच. बघा किती रडतेय.”

“रडतीय. पर भाकरी बघा.”

“भाकरीचं काय?”

“टम्म फुगलीय. खरं रडणारीची भाकरी करपती, ताई. हिची उलटायची येळ चुकली न्हाई.”

चाळीस मिनिटांनी नानांनी सदऱ्याची कॉलर उलटी केली आणि बायकोला धरलं. मी मावशींकडे पाहिलं. त्या वाटाणे सोलत होत्या. मला गंमत वाटायला हवी होती, वाटली नाही. इतकं बारीक बघणारी बाई माझ्या घरात आहे, आणि ती माझ्या वस्तू उचलते आहे, आणि तिला माझ्याबद्दल काय काय दिसलं असेल?

मग त्या गुरुवारी तो भाग लागला. चार संशयित, पुरावा एकही नाही. नानांनी एका शर्टाच्या खिशात सोन्याचं बटण ठेवलं आणि घडी घालून दुकानात सोडून दिलं. “चोराच्या मागं धावायचं नाही, साहेब. त्याला आवडेल ती वस्तू ठेवायची आणि आपण दुसरीकडं बघत बसायचं.”

“खुळं हाय म्हातारं,” मावशी म्हणाल्या. आत चार्वी कुरकुरली म्हणून त्या उठून गेल्या. त्या भागातलं उरलेलं मी एकटीने पाहिलं. चोर सापडला.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला चार्वी आत झोपली होती आणि मावशी बाटल्या उकळत होत्या. मी कपाटातून माझी चमकी काढली. बारावी झाले तेव्हा आईने केलेली, एका पांढऱ्या खड्याची. बाळ नाक ओढतं म्हणून काढून ठेवली होती. सोनं आहे, काडी आणि फिरकी वेगवेगळी झाली तर सापडायची नाही, म्हणून फिरकी घट्ट बसवली आणि सोफ्याच्या मागच्या पायापाशी, सतरंजीच्या कडेला ठेवली. मग ओले कपडे घेऊन गॅलरीत गेले.

मुद्दाम सावकाश वाळत घातले. प्रत्येक झबलं दोनदा झटकलं. दुसरीकडं बघत बसायचं.

आतून ठसक्याचा आवाज आला. मी धावले. चार्वी जागी झाली होती आणि मावशींनी तिला हॉलमध्ये आणून सोडलं होतं. आता त्यांनी तिला पालथं मांडीवर घेतलं होतं आणि पाठीवर थापट्या मारत होत्या. चार्वीचा चेहरा लालबुंद. खोकली, खोकली आणि थांबली. रडली. मग मावशींच्या लुगड्याचा काठ धरून हसलीसुद्धा.

“काय झालं?”

“ठसका लागला. हितंच हुती, मी हितं उंबऱ्यात बाटल्या निथळत हुतो.” त्यांनी तिच्या तोंडात बोट फिरवलं. “तोंडात तर काय न्हाई.”

“सर्दीच आहे तिला. डॉक्टर म्हणाले ना, आठवडाभर राहील.”

“हं,” मावशी म्हणाल्या.

मी मुलीला कडेवर घेतलं, तिच्या टाळूचा वास घेतला, आणि तिच्या डोक्यावरून सोफ्याच्या पायाकडे पाहिलं.

चमकी नव्हती.

काय सांगू, मला आनंद झाला. हे लिहिताना हात थांबतो आहे, पण झाला. आत कुठेतरी कुणीतरी म्हणत होतं, सापडली. तू वेडी नाहीस. तुझं बरोबर होतं.

मी बोलले नाही. नाना लगेच बोलत नसत. मी वाट पाहायची ठरवली. त्या स्वतःहून देतात का बघू.

आणि त्यानंतरचे तीन तास मी आयुष्यात जितक्या बारकाईने कुणाला पाहिलं नसेल, तितक्या बारकाईने मालनमावशींना पाहिलं. त्या जेवल्या नाहीत. “भूक न्हाई.” मी मनात टिपलं. नेहमी गुणगुणत फरशी पुसायच्या, आज गप्प. टिपलं. आणि साडेबाराला, जे त्यांनी कधीच केलं नव्हतं ते केलं. पुन्हा गुडघ्यांवर बसल्या आणि सबंध हॉल दुसऱ्यांदा रांगल्या. सोफ्याखाली तर दोनदा. उठल्या तेव्हा कपाळाला घाम होता.

“आता काय बघताय?”

“सकाळी बघितलो तवा खोली साफ हुती,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

आणखी काही राहिलंय का बघतेय, मी मनात म्हटलं.

दोनला मालिका सुरू झाली. नाना आले, इस्त्रीत कोळसे भरले. मावशींनी टीव्हीकडे पाहिलंच नाही. चार्वी सतरंजीवर लाकडी डबा ढकलत होती, आणि त्यांची नजर तिच्यावरून हलत नव्हती. तिने बिस्किट टाकून दिलं, त्यांनी पाहिलं. ती एका कुशीवर कलंडली, त्यांनी पाहिलं. मग त्यांनी तिला उचललं, झबलं वर केलं आणि तिच्या पाठीला कान लावला. आधी डावीकडे, मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे.

“ताई, टीव्ही बंद करा.”

“का?”

“बंद करा. पोरीला दवाखान्यात न्यायची. आत्ता.”

“सर्दीसाठी?”

“सर्दी न्हाई ही. ह्या अंगाला वारं जात न्हाई.”

मी उभी राहिले. मला वाटलं, हे नाटक आहे. मुलीचं निमित्त करून ही बाई माझं लक्ष दुसरीकडे वळवते आहे. मी असंच समजले, आणि हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

“जाऊ या,” मी म्हटलं. “आधी माझी चमकी द्या.”

“कसली चमकी?”

“नाकातली. सोफ्याच्या पायापाशी पडली होती. आता नाही. तुमच्याशिवाय घरात कोण आहे?”

मावशींचा चेहरा मला अजून दिसतो. मला वाटलं होतं त्या रागावतील, रडतील, देवाची शपथ घेतील. नानांच्या मालिकेत तसं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर यातलं काही आलं नाही. कोडं सुटल्यावर माणूस शांत होतो, तशा झाल्या. त्यांनी विचारलं फक्त, “कवा पडली?”

“अकराला.”

“कुठं? बोट ठिवून दावा.”

मी बोट दाखवलं.

“तसं न्हाई. खाली बसा. गुडघ्यावर बसा, ताई, ऐका माजं!”

त्या आवाजाने मी बसले. त्यांनी माझं डोकं हाताने खाली दाबलं, फरशीपासून वीतभर. त्या उंचीवरून मी आमचा हॉल कधीच पाहिला नव्हता. सोफ्याखाली बोगदा होता. खिडकीतलं ऊन सोफ्याच्या मागून आत शिरून सतरंजीच्या काठावर एक पट्टा ओढत होतं. त्या पट्ट्यात धुळीचा कणसुद्धा चमकत होता.

“अकराला हितं ऊन आनखी जास्त असतंय,” मावशी म्हणाल्या. “हितनं तुमास्नी काय दिसलं असतं?”

मला दिसलं. सगळ्या खोलीत दुसरं काहीच दिसलं नसतं.

रिक्षात त्यांनी चार्वीला उभं धरलं होतं. “दूध नगं, पाणी नगं. रडवू नका. मला शिव्या द्या, पर तिला हलवू नका.” मिरजेच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला त्या रिक्षावाल्याला म्हणत, “सावकास, लेकरा.” मी नीरजला फोन लावला, तोंडातून शब्दच येईनात. मावशींनी फोन घेतला. “सायेब, मालन बोलतोय. दवाखान्यात या. पोरगी हसतीय, भिऊ नका, पर या.”

दवाखान्यात एक पोरसवदा डॉक्टर स्टेथोस्कोप लावून म्हणाला, “सर्दी आहे ना?” मावशींनी त्याचा हात धरून उजवीकडे नेला. “हितं ऐका.” तो ऐकत राहिला. मग त्याने धावत मोठ्या डॉक्टरबाईंना आणलं.

एक्स-रे काचेवर लावला तेव्हा मी मावशींचा दंड धरला होता. काळ्या अंगणात रांगोळी काढावी तशा माझ्या मुलीच्या बरगड्या. इतक्या बारीक, इतक्या सारख्या. एका बाजूला हृदयाची सावली. आणि उजव्या बाजूला, श्वासनळीला फाटा फुटतो तिथे, एक लख्ख पांढरी खूण. डोकं, काडी आणि मागे गोल टिकली.

“चमकीच आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “नशीब, फिरकी बसलेली आहे. नुसती काडी असती तर आत टोचली असती.” त्या वळल्या. “उजव्या बाजूला आहे हे कुणी ओळखलं?”

मी बोट दाखवलं.

“कसं ओळखलंत, मावशी?”

“उताणी निजली की एकच बरगडी हलत हुती. आनी हसताना शिट्टी वाजत हुती बारीक. आदी वाजत न्हवती.”

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. “आणखी दोन दिवस सर्दीचं औषध देत बसला असता, तर हे फुप्फुस गेलं असतं. कदाचित सगळंच.” मग माझ्याकडे बघून, “तुम्ही भाग्यवान आहात.”

मावशींचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या काचेसमोर उभ्या होत्या. त्या गोल टिकलीकडे पाहत होत्या. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, एकदाच, आणि पदराने तोंड पुसलं.

चाळीस मिनिटं लागली. दुर्बीण घालून चमकी काढली. नीरज धावत जिना चढून आला तेव्हा चार्वी गुंगीत होती आणि दोन्ही बरगड्या हलत होत्या. मी मोजत बसले होते. डावी, उजवी. डावी, उजवी.

दुसऱ्या दिवशी कपडे न्यायला मी घरी आले. दुधाच्या पावडरीचा नवा डबा ओट्यावरच्या फळीवर सर्वांत वर होता, म्हणून स्टुलावर चढले. त्यामागे एक जुना रिकामा डबा होता. उचलला तर खुळखुळला.

मी तो पलंगावर उलटा केला.

मळसूत्री. पिना. टोपड्याचा मणी. टोपण. लाल चेरी. कालनिर्णय काढून आणला आणि एकेक पाहिलं. तेराच्या तेरा होत्या. आणि माझ्या यादीत नसलेल्या आणखी अकरा. टाचणी. शेंगदाण्याची दोन अर्धुकं. सासूबाई येऊन गेल्या तेव्हाची त्यांची थायरॉइडची गोळी. आणि वजनकाट्यातून निसटलेली गोल, चकचकीत, शर्टाच्या बटणाएवढी बॅटरी. ती हरवली हे मला ठाऊकच नव्हतं. सगळं टिपणारी मी, आणि ती बॅटरी माझ्या यादीत नव्हती. मी कितीतरी वेळ ती तळहातावर घेऊन बसले. आपल्या घरात आपलं मूल किती वेळा मेलं असतं, आणि कुणीतरी गुडघ्यांवर बसून ते मरण रोज सकाळी उचलून ठेवत होतं.

मी रुजू होणं आठवडाभर पुढे ढकललं. मंगळवारी आम्ही चार्वीला घरी आणलं. बुधवारी साडेआठला बेल वाजली. मावशी दाराबाहेर उभ्या होत्या. चपला काढल्या नव्हत्या.

“येऊ का?” त्यांनी विचारलं. दोन महिन्यांत त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं.

“मावशी, मला तो डबा सापडला. तुम्ही सांगितलं का नाहीत कधी?”

“रोज सांगायचं? आज पिन पडली, आज मणी पडला? पयल्या बाळाच्या आईला ते लई लागतंय, ताई. ती मग रात्री झोपत न्हाई. तुमी तशाबी झोपत न्हवता.”

मी खिशातून दवाखान्याने दिलेली छोटी बाटली काढली. चमकी आत होती. “ही मला घरात नको. देवीला देऊन टाकते. सोफ्याखाली पडली आणि...”

“पडली न्हवती,” मावशी म्हणाल्या.

आवाज चढला नव्हता. शेजारच्या दाराशी दूधवाला होता, त्याला ऐकू जाऊ नये इतकाच होता.

“साडेआठला मी बघितलो तवा तिथं न्हवती. आनी चमकी पडती कशानं? फिरकी ढिली झाली की. फिरकी एकीकडं, काडी एकीकडं. त्या फोटूत फिरकी लावलेली हुती, ताई. फिरकी लावून चमकी पडत न्हाई. कुणीतरी ठिवती.”

जिन्यात ऊन आलं होतं. मला त्यांच्या पायांकडेच बघता येत होतं.

“नानाचा भाग मीबी बघितलोय,” त्या म्हणाल्या. “खुळं म्हातारं. वस्तू ठिवून माणूस बघतंय. माणूस बघायचा तर माणसाकडं बघावं.”

“मावशी, तुम्ही दवाखान्यातच ओळखलं होतंत. नीरजसमोर का नाही बोललात?”

“पोरीला आई पायजे हुती तवा. चोर कशाला पायजे?”

मी रडायला लागले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, समजूतही काढली नाही. माझं आटपल्यावर त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली, चमकी काढली, पदराने पुसली, फिरकी सोडवली.

“नाक इकडं करा.”

“नको. चार्वी ओढते.”

“वढू दे. नाकात असली आनी वढली तर तुमाला दुखंल, लगीच कळंल. भुईवर असली तर कुणालाबी कळत न्हाई.” त्यांनी चमकी घातली आणि आतून फिरकी फिरवली. बोटांना मशेरीचा वास होता. “ऱ्हाऊ दे. रोज आरशात दिसंल.”

मग त्यांनी चपला काढल्या, काष्टा खोचला आणि हॉलच्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसल्या. मी दार लावलं. त्यांच्या शेजारी मीही बसले. आम्ही दोघी सोफ्याच्या दिशेने निघालो, आणि मागून चार्वी, हा कुठला तरी मोठा खेळ आहे असं समजून, ओरडत, फतक फतक तळवे आपटत आली. तिची उजवी बरगडी हलत होती.

“हळू,” मावशी मला म्हणाल्या. “घाई केली की दिसत न्हाई. ती बघा, तिथं.”

“कुठे?”

“आनखी खाली वाका.”

ती चमकी अजून माझ्या नाकात आहे. स्टाफरूममध्ये कुणीतरी नवीन आलं की म्हणतं, किती छान दिसते हो तुम्हाला. मी हो म्हणते. वर्गावर जाण्याआधी अंगठ्याने आतली फिरकी चाचपते.